एडिनबराहून : उपचार संपले, धास्ती उरली

इथल्या वेस्टर्न जनरल रुग्णालयाच्या आवारात जुन्या तबेल्याच्या जागी एक छोटं केंद्र आहे. आत ना केसपेपरची खिडकी, ना नंबर पुकारणारा शिपाई. समोर स्वयंपाकघर, मोठं टेबल, त्यावर चहाचे मग. कर्करोग झालेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी केव्हाही येऊन बसावं; चिठ्ठी लागत नाही, पैसेही नाहीत.

हे ‘मॅगीज’. मॅगी केझिक जेंक्स या लेखिकेचा स्तनाचा कर्करोग 1993 मध्ये उलटला. ते कळल्यावर तिला आणि नवऱ्याला बिनखिडकीच्या बोळात बसावं लागलं. उरलेल्या आयुष्यात तिने या जागेचा आराखडा केला. 1995 मध्ये ती गेली, 1996 मध्ये केंद्र उघडलं. आता ब्रिटनभर अशी केंद्रं आहेत.

ब्रिटनमध्ये उपचार संपले की रुग्णालयाच्या खेपा एकदम कमी होतात. स्तनाच्या कर्करोगानंतर साधारणपणे पाच वर्षं दरवर्षी मॅमोग्राफी. एरवी शंका आली तर कर्करोगाच्या खास नर्सला फोन करायचा. पण सत्तरीतल्या माणसाने फोन करायचा तरी केव्हा? गुडघा दुखतो तो वयाने, की रोग हाडात उतरला? दोन किलो वजन घटलं ते कशाने? ही भीती तरुण रुग्ण अधिक बोलून दाखवतात. म्हातारी माणसं गिळून टाकतात.

त्या टेबलापाशी एक आजी सांगत होत्या, “मुलीला म्हटलं, की ती लगेच विमानाचं तिकीट काढते. म्हणून सांगतच नाही.” समोरच्या नर्सने ‘काळजी करू नका’ असं म्हटलं नाही. कोणतं दुखणं काही दिवस बघायचं आणि कोणत्यासाठी त्याच दिवशी फोन करायचा, हे तिने कागदावर लिहून दिलं. आजींनी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला. मला या देशाची ही गोष्ट फार मोलाची वाटते : भीतीलाही उपचार लागतात, हे इथे मान्य आहे.

बोरीवलीची माझी मावशी उपचारांनंतरच्या तपासणीसाठी लोकलने परळच्या टाटा रुग्णालयात जाते. अपंगांच्या डब्यात कर्करुग्णांनाही जागा राखलेली असते. तपासणीच्या आधी आठ-आठ दिवस तिचा डोळ्याला डोळा लागत नाही. एडिनबरातले अनेक वृद्ध एकटे असतात, तशी ती एकटी नाही; जिन्यात चार जण विचारतात, “बरं आहे ना?” त्यावर “हो” एवढंच म्हणायची सोय आहे. त्यापुढे बोलली, की घरचेच म्हणतात, “अभद्र बोलू नकोस.”

बोरीवलीतल्या ज्येष्ठ नागरिक संघांना माझी कळकळीची विनंती आहे. आठवड्यातली एक दुपार उपचार संपलेल्यांसाठी राखून ठेवा. चहा ठेवा, जमलं तर एखादी निवृत्त परिचारिका बोलवा, आणि त्या दुपारी कुणालाही गप्प करू नका.