गीतनिर्मितीतील सहकार्य आणि कॉपीराइटची मालकी

'गीतरामायण' कोणाचे, असे विचारल्यास मराठी श्रोता ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके ही दोन्ही नावे एका श्वासात घेतो. भारतीय कायदा मात्र ती तशी घेत नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये 'गीत' या नावाची एकसंध कृतीच नाही. शब्द ही वाङ्मयीन कृती, चाल ही सांगीतिक कृती व ध्वनिमुद्रण ही तिसरी स्वतंत्र कृती होय. त्यांचे कर्ते अनुक्रमे कवी, संगीतकार व ध्वनिमुद्रणाचा निर्माता मानले जातात. सांगीतिक कृतीच्या व्याख्येतून गायचे शब्द स्पष्टपणे वगळलेले आहेत.

या विभागणीचा परिणाम मुदतीवर होतो. माडगूळकरांचे निधन १९७७ मध्ये, तर फडके यांचे २००२ मध्ये झाले. नभोवाणीसाठी केलेल्या निर्मितीचे निराळे प्रश्न बाजूला ठेवून, कर्त्याच्या निधनानंतर साठ वर्षे हा सर्वसाधारण नियम लावला, तर शब्दांवरील हक्क २०३७ अखेर आणि चालीवरील हक्क २०६२ अखेर संपतो. मधली पंचवीस वर्षे शब्द सर्वांचे आणि चाल वारसांची, अशी स्थिती राहील. युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशाद्वारे, परस्परांसाठी रचलेल्या शब्द व चालीची मुदत दोघांपैकी नंतर निधन पावणाऱ्यापासून मोजण्याची तरतूद केली. भारतात तशी तरतूद नाही.

संयुक्त कर्तृत्व आपल्या कायद्यालाही ठाऊक आहे. परंतु एकाचे योगदान दुसऱ्याच्या योगदानापासून वेगळे काढता येत नाही, अशाच कृतीला ते लागू होते. शंकर-जयकिशन यांच्या एकत्रित चाली हे त्याचे उदाहरण होय. जयकिशन १९७१ मध्ये व शंकर १९८७ मध्ये निवर्तले. मुदत शंकर यांच्या निधनापासून मोजली जाईल. मात्र संयुक्त मालकी म्हणजे प्रत्येकाला मोकळीक नव्हे. एका सहमालकाला दुसऱ्याच्या संमतीविना तिऱ्हाइतास परवाना देता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये 'अंगथ आर्ट्स' प्रकरणात म्हटले. अमेरिकेत सहमालक एकट्याने बिगर-अनन्य परवाना देऊ शकतो. मिळकतीचा हिशेब मात्र त्याला द्यावा लागतो.

खरी अडचण संगीत-संयोजकाची आहे. मुखड्यापूर्वीचा वाद्यांचा तुकडा, दोन अंतऱ्यांमधील संगीत, व्हायोलिनच्या समूहाची बांधणी हे पुष्कळदा त्याचे काम असते आणि श्रोता गाणे ओळखतो ते कित्येकदा त्या तुकड्यावरूनच. अधिनियम मात्र संयोजनाला मूळ सांगीतिक कृतीचे 'रूपांतर' समजतो आणि रूपांतराचा हक्क चालीच्या मालकाकडे ठेवतो. आपला तुकडा ही स्वतंत्र रचना आहे, किंवा चालीच्या घडणीतच आपला अविभाज्य वाटा आहे, हे सिद्ध करणे संयोजकाला भाग पडते. येथे एक विसंगती नोंदविण्याजोगी आहे. १९९४ च्या दुरुस्तीपूर्वी सांगीतिक कृती लिखित वा मुद्रित असणे व्याख्येनुसार आवश्यक होते. तोंडी चाल बांधणाऱ्या आपल्या संगीतकारांना ही अट गैरसोयीची होती. स्वरलेखन करीत असे तो बहुधा संयोजकच.

गायक व वादक यांना कर्तृत्व नाही, तरी १९९४ पासून प्रयोगकर्त्याचा हक्क आहे. कवी-संगीतकारांची स्थिती तर १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने दुबळी झाली होती. मोबदला देऊन गीत करवून घेणारा चित्रपट-निर्माता, विपरीत करार नसल्यास, प्रथम मालक ठरला. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज अन्य वापराच्या रॉयल्टीतील समान वाटा त्यांना मिळाला. तो वारस अथवा कॉपीराइट सोसायटी यांच्याव्यतिरिक्त कोणालाही देऊन टाकता येत नाही.

संयोजकाला या संरक्षणात स्थान नाही. त्याचा हक्क करारावर अवलंबून राहतो आणि कलम १९ नुसार लेखी व स्वाक्षरीयुक्त नसलेले अभिहस्तांकन वैध नसते. ध्वनिमुद्रणाच्या वेळी 'तुमचाही वाटा राहील' असे तोंडी सांगितले गेले असल्यास, केवळ त्या शब्दावर त्याला मालकी मिळत नाही.