केंब्रिजच्या छपरांवरचं जाळं

बॉस्टनला लागून असलेल्या केंब्रिजमध्ये या शतकाच्या सुरुवातीला काही घरांच्या धुराड्यांना उभ्या अँटेना बांधल्या गेल्या. केबल छपरावरून खाली घरात यायची आणि एका साध्या संगणकाला जोडली जायची. एवढ्या सामानावर एमआयटीच्या संशोधकांनी ‘रूफनेट’ हे बिनतारी मेश नेटवर्क उभं केलं. त्यांचे मार्गदर्शक रॉबर्ट मॉरिस, म्हणजे १९८८ साली ज्यांच्या ‘वर्म’ या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने कोवळ्या इंटरनेटचा बराच भाग ठप्प केला होता तेच.

असं जाळं उभारताना सहसा आधी नकाशा पसरतात. उंच जागा हेरायच्या, अँटेना समोरासमोर रोखायच्या, कोण कोणाशी बोलणार ते ठरवून टाकायचं. रूफनेटने हे मुद्दाम टाळलं. ज्याने हौसेने छप्पर देऊ केलं त्याच्याकडे अँटेना, आणि तीही चहूबाजूंना सारखीच ऐकणारी, म्हणजे रोख धरायला तज्ज्ञ लागू नये. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे चार चौरस किलोमीटरवर ३७ केंद्रं होती आणि इंटरनेटला थेट जोडलेली फक्त चार. बाकीच्यांचा डेटा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या छपरांवरून पुढे सरकायचा. नियोजनाचं सगळं ओझं सॉफ्टवेअरवर आलं.

आणि इथेच खरी अडचण समोर आली. मार्ग निवडण्याच्या तोवरच्या बऱ्याच पद्धती धरून चालायच्या की दोन केंद्रांमध्ये संपर्क एक तर असतो, नाही तर नसतो. छपरांवर मोजून पाहिलं तर बहुतेक दुवे अर्धवट निघाले: डेटाची काही पॅकेट पोचतात, काही हरवतात. अंतर पाहून दुव्याचा अंदाज बांधता येईना. संशोधकांचा संशय गेला तो एकाच लहरीच्या वाटेत परावर्तित होऊन, मागेपुढे पोचणाऱ्या प्रतींवर.

मग कमीत कमी टप्प्यांचा मार्ग निवडणं म्हणजे हमखास फसणं, कारण कमी टप्पे म्हणजे लांब दुवे आणि लांब दुवे बहुधा कच्चे. घाटातला जवळचा पण उखडलेला रस्ता धरण्यातलाच हा प्रकार. यावर डग्लस डी कौटो आणि सहकाऱ्यांनी २००३ साली ‘ईटीएक्स’ हे माप मांडलं: एक पॅकेट पोचवायला सरासरी किती वेळा पाठवावं लागेल? प्रत्येक केंद्र ठरावीक वेळाने चाचणीची पॅकेट सोडतं, शेजारी त्यातली किती ऐकू आली ते मोजतात. समजा एका थेट दुव्यावर जाताना निम्मी पोचतात आणि मिळाल्याची पोच परत येतानाही निम्मीच. म्हणजे चारातून एकदा काम फत्ते, माप ४. त्याऐवजी मधल्या छपरावरून दोन टप्प्यांनी गेलं, आणि प्रत्येक टप्प्यावर दोन्ही दिशांना शंभरातली नव्वद पोचत असली, तर प्रत्येकाचं माप सुमारे १.२३, बेरीज अडीचच्या आत. वळसा घेऊनही माल लवकर पोचतो! इतकं साधं गणित, पण ते मांडायला कुणाला तरी प्रत्यक्ष मोजून पाहावं लागलं. पुढे रूफनेटने वेगही हिशेबात धरला. थोडी पॅकेट हरवली तरी चढ्या वेगाचा दुवा पुष्कळदा शेवटी सरस ठरतो.

टप्प्यांची किंमत मात्र चुकत नाही. सगळी केंद्रं एकाच चॅनलवर, प्रत्येकाकडे एकच रेडिओ. एक बोलताना शेजाऱ्यांना गप्प बसावं लागतं. एका टप्प्यात सरासरी सेकंदाला सुमारे २,४५० किलोबिट मिळायचे, दोन टप्प्यांत ७७० आणि तीन टप्प्यांत ३६०. दुसरा टप्पा वेग निम्म्याच्याही खाली आणतो, कारण मागचा आणि पुढचा टप्पा एकमेकांवर आदळतात. बोलण्याआधी परवानगी मागण्याची वाय-फायमधली सोय वापरून पाहिली, तिचाही फारसा उपयोग झाला नाही. तरीही सगळ्या जोड्यांची सरासरी ६२७ किलोबिट आली. आखणी न करता उभ्या राहिलेल्या जाळ्यासाठी हा आकडा मला आजही थोर वाटतो.

रूफनेटवर काम केलेल्या संजित बिस्वास आणि जॉन बिकेट यांनी हान्स रॉबर्टसनसोबत या कामातून २००६ साली ‘मेराकी’ ही कंपनी काढली. २०१२ मध्ये ‘सिस्को’ने ती १२० कोटी डॉलरना विकत घेण्याचं जाहीर केलं.

आज घरासाठी दोन-तीन डब्यांचे मेश संच मिळतात. त्यातल्या चांगल्या संचांत डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी वेगळा रेडिओ असतो, तो टप्प्यांची हीच किंमत कमी करायला. दुसरा डबा मात्र अनेक जण जिथे नेट अजिबात येत नाही त्या खोलीत नेऊन ठेवतात. तिथे त्यालाच पहिल्याचं नीट ऐकू येत नाही. तो मधल्या खोलीत, पहिल्याचा सिग्नल अजून भक्कम असेल तिथेच ठेवावा.