आकड्यांत पकडलेली लहर

भंडारा जिल्ह्यातील एकोडीसारख्या गावात धानाला पाणी द्यायला विजेचा पंप लागतो. विजेचा दाब फार उतरला, की ओझ्याखाली चालणारी मोटर जास्त प्रवाह ओढते, तापते आणि तिची वेटोळी जळतात. धान लोंबीवर असताना असे झाले, तर नुकसान केवढे! विद्यार्थी मित्रांनो, दाबावर लक्ष ठेवून मोटर वेळीच बंद करणारे यंत्र बनवायचे आहे. पहिली अडचण कोणती? दाब अखंड बदलत असतो आणि यंत्रातील संगणकाला कळतात फक्त आकडे.

या दोघांमधला दुभाषी म्हणजे सदृश-अंकीय परिवर्तक, म्हणजेच ‘एडीसी’. तो ठरावीक वेळाने दाबाचा नमुना घेतो आणि त्याला एक आकडा देतो. आर्डुइनो उनो या स्वस्त पाटीवरचा एडीसी १० बिटांचा आहे. म्हणजे ० ते ५ व्होल्टच्या शिडीला त्याने २^१० = १०२४ पायऱ्या पाडल्या. एक पायरी सुमारे ५ मिलिव्होल्टची. त्याहून बारीक फरक त्याला दिसत नाही.

पायऱ्यांइतकाच नमुन्यांचा वेगही महत्त्वाचा. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. समजा, तुम्ही सेकंदाला बरोबर ५० नमुने घेतले. प्रत्येक नमुना लहरीच्या त्याच जागी पडेल आणि आलेखावर सरळ रेघ उमटेल! ४० नमुने घेतले, तर सेकंदाला १० आवर्तनांची खोटी लहर दिसेल. अशा यंत्रावर विसंबलात, तर मोटर गेलीच म्हणून समजा. म्हणून नियम असा, की लहरीच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घ्यावेत.

पण दुभाषी प्रामाणिक आहे, हे कसे ओळखायचे? यासाठी एडीसी बनवणारे कारखाने चाचणीची पाटी आणि सॉफ्टवेअर पुरवतात. पाटीला एक शुद्ध लहर देतात. सॉफ्टवेअर हजारो नमुने साठवते आणि फ्रेंच गणिती फूरिए (१७६८–१८३०) यांच्या पद्धतीने त्यातील कंपनसंख्या वेगळ्या करते. आलेखात एकच उंच सुळका दिसला, तर उत्तम. दुप्पट, तिप्पट कंपनसंख्येवर छोटे सुळके उगवले, तर एडीसी लहर वाकडी करतो आहे. तळाशी दिसणारे गवत म्हणजे गोंगाट.

असेच दुभाषी पुणे जिल्ह्यात खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीतही आहेत. तेथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत. सुधारित यंत्रणेत थाळीमागे दोन संकेत, आणि प्रत्येकाचे सेकंदाला ८० कोटी नमुने घेता येतात. आकाशातून येणारा संकेत अतिशय क्षीण. एडीसीने स्वतःची भर घातली, तर नसलेली गोष्ट ‘दिसू’ लागेल!

शाळेत एक प्रयोग करा. घरातील विजेला मात्र मुळीच हात लावू नका. दीड व्होल्टच्या कोरड्या घटाचे ऋण टोक आर्डुइनोच्या ‘ग्राउंड’ला आणि धन टोक ‘ए-०’ला जोडा. शिक्षकांच्या मदतीने १००० नमुने घ्या. हिशेबाने १.५ ÷ ५ × १०२४, म्हणजे सुमारे ३०७ यायला हवेत. नवा घट थोडा जास्त दाखवील. प्रत्येक आकडा किती वेळा आला ते मोजून स्तंभालेख काढा. स्तंभ जितके पसरलेले, तितका गोंगाट अधिक.

आता सांगा पाहू : ५० आवर्तनांच्या विजेचे सेकंदाला ४९ नमुने घेतले, तर आलेखात किती आवर्तने दिसतील?