सिकलसेल : दुसरी तपासणी कशासाठी?

विदर्भातल्या आपल्या वस्त्यांना सिकलसेल हा शब्द नवा नाही. शिबिरात बोटातून थेंबभर रक्त घेतात, ‘पॉझिटिव्ह’ सांगतात आणि मोठ्या तपासणीला बोलावतात. घरात मात्र तेवढ्यावरच रडारड सुरू होते. ठरलेली सोयरीकही मोडते. मग दुसरी तपासणी कशासाठी, हे आपण समजून घेऊ.

आपल्या तांबड्या पेशींत प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन हे प्रथिन असते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांचे मणी ओवलेली माळ. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. त्यातला दोष साध्या सूक्ष्मदर्शकाने दिसत नाही. १९४९ मध्ये अमेरिकेत लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी हिमोग्लोबिनच्या द्रावणात वीज सोडली, तेव्हा सिकलचे हिमोग्लोबिन वेगळ्या गतीने सरकले. पण फरक नेमका कुठे? १९५६-५७ मध्ये केंब्रिजच्या व्हर्नन इन्ग्रॅम यांनी ट्रिप्सिन या पाचक द्रव्याने माळेचे तुकडे केले आणि कागदावर पसरवले. एकच तुकडा वेगळा निघाला. १४६ मण्यांच्या बीटा माळेत सहावा मणी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन होता! तेवढ्यामुळे प्राणवायू सोडल्यावर रेणू एकमेकांना चिकटतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि हातपाय ठणकतात.

शिबिरातली सोल्युबिलिटी चाचणी एवढेच सांगते की सिकलचे हिमोग्लोबिन आहे. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीतच कळते, कारण तिथे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून त्यांचे प्रमाण मोजतात. सहा महिन्यांखालील बाळात गर्भातले हिमोग्लोबिन जास्त असल्याने साधी चाचणी फसू शकते. नुकतेच रक्त चढवले असेल तरी निकाल चुकू शकतो. ते आधीच सांगावे.

वाहक सहसा निरोगी असतो. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. आणि हे ‘खराब रक्त’ नव्हे, गेल्या जन्मीचे पापही नव्हे. वाहकाला गंभीर हिवतापापासून संरक्षण मिळते, म्हणून आफ्रिका, अरबस्तान, भारत अशा हिवतापाच्या मुलखांत हा गुण टिकला. बुद्धांनी शिकवलेला कार्यकारणभाव इथेही लागू आहे.

म्हणून आमची विनंती : दुसरी तपासणी टाळू नका, अहवाल जपून ठेवा. लग्नाआधी पत्रिका नको, रक्ताचे अहवाल जुळवा.

जयभीम!