पॅनेलला उजेड हवा, उकाडा नको

मे महिन्यात दुपारी दोनला अकोल्यातल्या गच्चीवर सोलर पॅनेलच्या काचेला बोट लावलं, तरी चटका बसतो. ऊन रणरणतं असतं, पण इन्व्हर्टरवरचा आकडा काही मार्चइतका चढत नाही. ‘एवढं ऊन, मग युनिट कमी कसे?’ असं दर उन्हाळ्यात घरोघरी विचारलं जातं.

पॅनेल वीज बनवतं ती उजेडातून, उष्णतेतून नव्हे. प्रकाशामुळे सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि प्रवाह सुरू होतो. तेच सिलिकॉन तापलं की व्होल्टेज उतरतं. पॅनेलवर छापलेली क्षमता सेलचं तापमान २५ अंश धरून मोजलेली असते. त्यावर चढणाऱ्या प्रत्येक अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. हवा ४५ अंशांवर गेली की सेल ७० अंशांच्या आसपास पोहोचतो, म्हणजे सहावा-सातवा हिस्सा निव्वळ उकाड्यात जातो. म्हणून निरभ्र आकाश आणि सोसवेल अशी हवा असलेले फेब्रुवारी-मार्चचे दिवस पॅनेलला मानवतात.

पावसाळ्यात उत्पादन घटतं, हे खरंच. आभाळ काळंकुट्ट झालं की ते पाचव्या-दहाव्या हिश्शावर येतं. पण ढगांतून विखुरलेला उजेड येत असतो, तोवर वीजही येत राहते. सर ओसरून लख्ख ऊन पडलं की मात्र इन्व्हर्टरकडे जरूर पाहा. पॅनेल गार, काच धुतलेली, वर ढगांच्या कडांवरून येणारा जादा उजेड. अशी काही मिनिटं मे महिन्यातल्या दुपारलाही मागे टाकतात!

धूळ मला अधिक त्रासदायक वाटते, आणि तिच्याहून कबुतरं. पॅनेलमधले सेल माळेतल्या मण्यांसारखे एकामागोमाग जोडलेले असतात. एकाच सेलवर विष्ठेचा जाड थर बसला, तरी त्याच्या अख्ख्या गटाचा प्रवाह अडतो. झाकलेला सेल तापून कायमचा बिघडूही शकतो.

तेव्हा पॅनेल बसवतानाच खालून वारा खेळेल एवढी जागा ठेवायला सांगा. पत्र्याला चिकटून बसवू देऊ नका. आणि काच धुवायची ती सकाळी, ऊन चढण्याआधी. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते.