तळहाताएवढा संगणक व त्याचें कार्ड

मुंबईची तहान भागविणारीं भातसा व तानसा हीं धरणें आपल्या शहापूर तालुक्यांत असूनही येथील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते, हें आपणांस ठाऊकच आहे. इंटरनेटचेंही थोडेंबहुत तसेंच. माळशेजच्या पायथ्याशीं मुरबाडकडील वाड्यांत रेंज केव्हां मिळेल याचा भरंवसा नसतो. मग पाण्याप्रमाणें ज्ञानाचीही साठवण करतां येईल काय? येते, आणि तिला मोठी टाकी लागत नाहीं.

रास्पबेरी पाय हा संगणक केंब्रिज येथें मुलांच्या शिक्षणासाठीं निर्माण झाला व २०१२ सालीं विक्रीस आला. पत्त्याच्या पानाहून किंचित् लहान अशी ही एकच पाटी. तिच्यांत हार्ड डिस्क नसते. सुरू होण्याच्या सूचनांपासून साठविलेल्या ग्रंथांपर्यंत सर्व कांहीं नखाएवढ्या मायक्रो एसडी कार्डावर असतें. म्हणून तें कार्ड नीट सिद्ध करणें हेंच मुख्य काम होय.

त्यावर फायली नुसत्या उतरवून भागत नाहीं. कार्डाचे दोन भाग पाडावे लागतात: पहिल्या लहान भागांत संगणकास जागें करणाऱ्या फायली, दुसऱ्यांत लिनक्स ही कार्यप्रणाली. हें काम दुसऱ्या संगणकावरील ‘रास्पबेरी पाय इमेजर’ हा प्रोग्राम करतो. कार्डावरील पूर्वींचें सर्व पुसलें जातें; तेव्हां घरच्या लग्नाचे फोटो असलेलें कार्ड ह्या कामीं घेऊं नये! लिहून झाल्यावर प्रोग्राम सर्व मजकूर पुन्हां वाचून पडताळतो. तोंपर्यंत कार्ड ओढून काढूं नये.

कार्ड पाटींत बसवावें, मगच वीज जोडावी. चौथ्या आवृत्तीस ५ व्होल्ट व ३ अँपिअर लागतात. मोबाइलचा साधा चार्जर अपुरा पडला, कीं पडद्यावर विजेचें चिन्ह दिसतें.

आतां साठवण. रेंज असलेल्या ठिकाणीं ‘किविक्स’च्या साहाय्यानें मराठी विकिपीडिया एकदां कार्डावर उतरवून घ्यावा. पुढें पाडयावरील मुलें इंटरनेटवांचून, ह्याच पाटीच्या वायफायनें, आपल्या मोबाइलवर तो वाचूं शकतात.

ह्या साठवणीचा खरा शत्रू म्हणजे अवचित जाणारी वीज. पावसाळ्यांत आपणांकडे ती किती वेळां जाते हें सांगावयास नको. त्या क्षणीं कार्डावर लेखन चालूं असेल तर तें अर्धवट राहून संगणक पुन्हां न उठण्याचा संभव असतो. यास्तव बॅटरीची सोय ठेवावी; बंद करतांना पडद्यावरून आज्ञा द्यावी, आणि हिरवा दिवा लुकलुकावयाचा थांबल्यावरच वीज काढावी. शिवाय त्याच कार्डाची एक प्रत निराळ्या पाकिटांत, वर तारीख घालून, कपाटांत ठेवावी.