‘मणक्यात गॅप’ म्हणजे नेमके काय?

फिजिओथेरपीच्या ओपीडीत कंबरदुखीचा रुग्ण येतो तो बहुधा एमआरआयचे मोठे पाकीट घेऊनच. बसायच्या आधीच सांगतो, ‘मणक्यात गॅप आहे.’ नवखा विद्यार्थी लगेच पाकीट उघडतो. खरे तर आधी रुग्णाची हकीकत ऐकायची, त्याला चालायला-वाकायला सांगायचे, पायातली ताकद आणि संवेदना तपासायची. पाकीट त्यानंतर.

कोणती तपासणी काय दाखवते, हे माहीत असायला हवे. १८९५ मध्ये रॉंटजेन यांनी क्ष-किरण शोधले. हाडातले कॅल्शियम हे किरण अडवते, म्हणून हाड पांढरे दिसते. हवा काळी, स्नायू राखाडी. दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, एक्स-रेत दिसत नाही. दिसते ती फक्त तिची जागा. एका बाजूने नीट दिसणारे हाड दुसऱ्या बाजूने मोडलेले निघू शकते, म्हणून निदान दोन बाजूंनी फिल्म काढतात. सीटी स्कॅनमध्ये हेच किरण वापरून शरीराचे पातळ काप दिसतात, पण किरणांची मात्रा बरीच जास्त. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नाही आणि स्नायुबंध हलताना पाहता येतो. एमआरआयमध्ये चुंबक आणि रेडिओलहरींच्या साह्याने गादी, नस, लिगामेंट स्पष्ट दिसतात.

मात्र दिसलेली प्रत्येक गोष्ट दुखतेच असे नाही. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० जणांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के, पन्नाशीतल्या ८०, तर ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत गादीची झीज आढळली. गादी फुगल्याचे प्रमाण याच वयांत अनुक्रमे ३०, ६० आणि ८४ टक्के होते. वयानुसार केस पिकतात, तसेच हे.

‘गॅप’ हा शब्दही फसवा आहे. झिजलेल्या गादीतले पाणी कमी होते, ती चपटी होते आणि मणक्यांमधले अंतर उलट कमी होते. पण ‘गॅप’ ऐकून रुग्णाला वाटते, मणके सुटे झाले. तो वाकणे सोडतो, कामावर जायला घाबरतो, स्नायू कमजोर होतात आणि दुखणे वाढते. म्हणून रिपोर्ट समजावताना शब्द जपून वापरणे हाही उपचाराचाच भाग.

याचा अर्थ फिल्म नकोच, असा नाही. रात्री वाढणारी वेदना, संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन ही मणक्याच्या क्षयरोगाची लक्षणे असू शकतात. आपल्याकडे हा आजार दुर्मीळ नाही. अशा पाठीला ट्रॅक्शन किंवा झटका देणे धोक्याचे. आधी डॉक्टरांकडे पाठवून तपासणी करून घ्यावी. पूर्वी कर्करोग झालेला असेल किंवा वयस्कर व्यक्ती पडल्यानंतर पाठ दुखू लागली असेल, तरीही तेच. लघवी अडणे, शौचाच्या जागेभोवती बधिरपणा, पायातली ताकद झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तपासणीत आढळलेला त्रास आणि फिल्ममधली जागा जुळली, तरच त्या फिल्मला अर्थ. डाव्या पायात कळ असलेल्या रुग्णाच्या रिपोर्टमध्ये उजवीकडची नस दबलेली असेल, तर रुग्णाला पुन्हा एकदा नीट तपासावे.